गुण कापा, पण पुरावा दाखवून: सैनिकी लघुशिल्प स्पर्धेच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
आयोजक आणि परीक्षक मंडळ,
किल्ले व सैनिकी लघुशिल्प स्पर्धा

स. न. वि. वि.

येत्या दिवाळीतल्या स्पर्धेचं तुमचं परिपत्रक परवा हाती आलं. त्यात दोन कलमं नवी आहेत. एक, मावळ्यांचे पोशाख 'सर्वमान्य पारंपरिक रूपात' असावेत. दोन, प्रत्येक स्पर्धकाने प्रवेशिकेसोबत ऐतिहासिक टिपण जोडावं. आणि खाली ठळक अक्षरांत जुनंच वाक्य: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.

गेल्या वर्षीच्या निकालावर आम्ही काही स्पर्धकांनी लेखी हरकत घेतली होती. ही कलमं त्याचंच उत्तर असावीत. हरकत होती परीक्षणावर, नियम वाढवला स्पर्धकांवर. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. आमच्या पत्राला पोचही आली नाही, फोन केला तर 'बघू, मीटिंगमध्ये विषय घेऊ' एवढंच ऐकायला मिळालं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी 54 मिलिमीटरच्या फिगर रंगवते. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: 1:32 प्रमाणात माणूस साधारण बोटाएवढा होतो, त्याचं डोकं जेमतेम सात मिलिमीटर आणि डोळा एक मिलिमीटर. मुंबई-पुण्यात आता हे काम करणारे बरेच आहेत. कोणी नेपोलियनचे घोडेस्वार रंगवतो, कोणी दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे, कोणी मराठ्यांची फौज. शिवाय आमच्या सोसायटीतली पाच-सहा मुलं दर शनिवारी माझ्याकडे रंगवायला येतात. त्यांचं सगळं सुरू झालं ते किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांपासूनच, जसं आपल्यापैकी बहुतेकांचं झालं. तुमच्या स्पर्धेत किल्ल्यांच्या जोडीला लघुशिल्पांचा स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. अशी दुसरी जागा आमच्या माहितीत नाही. म्हणूनच रागावून घरी बसण्याऐवजी भांडायला आले आहे.

गेल्या वर्षी मी मांडलेला देखावा होता 1673 सालच्या चिपळूणजवळच्या छावणीचा. शिवाजी महाराजांनी तिथल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना लिहिलेलं पत्र शाळेपासून आपल्याला माहीत आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळू नका, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, आगट्या आणि चिलमी जपा, उंदराने पेटती वात पळवली तर गवताच्या गंजीला आग लागेल. एका राजाला उंदराची काळजी करावी लागते, याहून लष्करी विषय मला दुसरा सुचत नाही. मी गवताची गंज केली, दावणीला घोडी बांधली, एक नालबंद घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसवला आणि रेड्यावर पखाल लादून पाणी आणणारा पखालजी केला. हे दोघे मी मनाने आणलेले नाहीत. कृष्णाजी अनंत सभासदाने 1694 च्या सुमाराला लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या घोडदळाची रचना दिली आहे. त्यात 25 बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार आणि त्या 25 मागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितला आहे.

गुणपत्रिकेवरचा शेरा असा: 'युद्धप्रसंग नाही. सैनिक कमी, नोकरचाकर जास्त. मावळे भगव्या पोशाखात नाहीत.' ऐतिहासिक अचूकतेच्या रकान्यात निम्म्याहून जास्त गुण कापलेले.

मला बक्षीस मिळालं नाही हा या पत्राचा विषय नाही, आणि कोणी तसं म्हटलं तर म्हणू दे. विषय असा आहे, की ज्या रकान्याचं नाव 'ऐतिहासिक अचूकता' आहे त्यात इतिहासाच्या आधाराने केलेल्या गोष्टींचे गुण कापले गेले, आणि कशाच्या आधारे कापले ते कोणी सांगायला तयार नाही.

भगव्याचंच आधी घेऊ. निशाण भगवं होतं, यावर वाद नाही. पण निशाण भगवं म्हणून अंगरखे, मुंडासी, शेले, सुरवारी सगळं भगवं, ही उडी कोणत्या कागदावरून मारली? सभासद लष्कराची रचना सांगतो, पगार सांगतो, शिस्त सांगतो, पण गणवेशाचा रंग सांगत नाही. बारगिराला घोडा सरकारी पागेतला मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा. जो शिलेदार घोडासुद्धा स्वतःचा आणतो त्याच्या अंगावर सरकारी रंगाचा अंगरखा कुठून येणार? आणि पायदळातला मावळी शेतकरी तर घरचं सुती नेसूनच आलेला. सारखी वर्दी हा आपल्याकडे प्रामुख्याने अठराव्या शतकातल्या कवायती पलटणींबरोबर आलेला प्रकार आहे. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपी सेनानीकडून कवायती कंपू उभे केले, तिथे वर्दीचा रंग विचारा, तो प्रश्न योग्य. 1660 मधल्या बांदलांना तो विचारून काय मिळणार?

एकसारख्या भगव्या वेषाचा समकालीन पुरावा परीक्षकांकडे असेल तर तो छापा. मी माझ्या फिगर आनंदाने पुन्हा रंगवीन. नसेल तर 'सर्वमान्य' या शब्दाला आधार टीव्हीवरच्या मालिकांचा आहे, हे तरी मान्य करा.

रंगांबद्दल मात्र ठामपणे सांगता येतील अशा पुष्कळ गोष्टी आहेत, आणि परीक्षकाने खरं तर तिथे कडक व्हावं. सतराव्या शतकातलं कापड नीळ, मंजिष्ठ, हळद, लाख, आल, कुसुंबा (करडईच्या फुलांचा रंग) अशा रंगांनी रंगायचं. विल्यम पर्किनला पहिला कृत्रिम रंग सापडला तो 1856 साली. त्यामुळे शिवकालातल्या माणसाच्या अंगावर झगझगीत राणी कलर किंवा फ्लुरोसंट केशरी दिसलं की तिथे खुशाल गुण कापावेत. कुसुंब्याचा रंग उन्हात आणि धुण्यात लवकर उतरतो. म्हणजे मोहिमेवरच्या शिपायाचं मुंडासं कुसुंबी असलं तरी ते फिकट, मळकं, घडीच्या आत जास्त गडद आणि बाहेर उडालेलं असणार. हे ज्याने रंगवलं त्याने इतिहासाचाही अभ्यास केला आणि ब्रशचाही. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या मुलाने नेमकं असं मुंडासं केलं होतं. त्याच्या पत्रिकेवर शेरा होता 'रंग फिके'.

आता ज्या कामाला पहिलं बक्षीस दिलंत त्याविषयी. करणाऱ्यावर माझा राग नाही, त्याची मेहनत मोठी होती आणि दगडांचं काम तर उत्तम होतं. त्या खिंडीतल्या ओल्या कातळावर मी स्वतः बराच वेळ रेंगाळले. पण देखावा होता जुलै 1660 मधल्या घोडखिंडीचा, आणि मावळ्यांच्या हातात होत्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुका, पुढे संगिनी लावलेल्या. त्या काळात आपल्याकडची बंदूक म्हणजे तोड्याची, जळती जामगी, म्हणजे वात, लावून उडवायची. नळीभोवती कडं बसवून लावायची संगीन युरोपातसुद्धा सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळली. कोणी म्हणेल, राजापूरचे इंग्रज पन्हाळ्याच्या वेढ्यात तोफा डागायला आले होतेच की. आले होते, पण सिद्दी जौहरच्या बाजूने, आणि त्यांच्याकडे संगिनी असत्या तरी त्या बाजीप्रभूंच्या माणसांच्या हातात कशा येणार? एका मावळ्याच्या डोक्यावर तर चक्क पुणेरी पगडी होती, जी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. या कामाला अचूकतेत पैकीच्या पैकी गुण! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

घोड्यांबद्दल तर कोणी बोलतच नाही. दख्खनी, भीमथडी घोडं अंगाने लहान, काटक, खांद्यापाशी साधारण 140 सेंटिमीटरचं. 1:32 मध्ये ते साडेचार सेंटिमीटरच्या आतच बसतं. बाजारात मिळणारे घोडे मुख्यतः युरोपी अवजड घोडदळाच्या साच्यातले, पाच सेंटिमीटरच्या वर. अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात स्वार कुठल्या कुठे उंच जाऊन बसतो, पाय घोड्याच्या पोटाच्या वरच लोंबकळतात, आणि डोंगरवाटांनी फिरणाऱ्या फौजेच्या जागी परेडवरचं पथक उभं राहतं. मी ओळखते त्यांतले दोघे जण हे टाळायला दुसऱ्या संचातली लहान घोडी आणून त्यांच्या माना कापून, वळवून, पुट्टीने पुन्हा घडवतात. एकाही गुणपत्रिकेत घोड्याची उंची पाहिल्याची खूण नाही. फूटपट्टी पाच रुपयांना मिळते.

जिथे पुरावा गप्प आहे तिथे काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न आहे, आणि त्यावर परीक्षकांशी बसून बोलायला मला आवडेल. 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं ते संग्रहालयच सांगतं. एवढ्या मोठ्या संस्थेला असं लिहायला कमीपणा वाटत नाही. मग आपल्या परीक्षकांनी 'मावळा असाच दिसायचा' असं एका ओळीत का ठरवावं? पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातलं मीर मुहम्मदने काढलेलं महाराजांचं चित्र आहे. महाराज घोड्यावर आणि बरोबर पायी चालणारी माणसं. त्या चित्रावरून कोणी फिगर केली तर तो आधार धरावा. पण चित्रकार मुघल शैलीतला, त्याने प्रत्येक जोडा आणि प्रत्येक गाठ पाहून काढली असं धरू नये. दोन्ही बाबी एकाच वेळी ध्यानात ठेवणं हेच परीक्षकाचं काम.

माझ्या मते निवाडे तीनच प्रकारचे असू शकतात. आधार आहे, पूर्ण गुण. आधाराच्या विरुद्ध आहे, गुण कापा आणि कुठला आधार ते दोन शब्दांत लिहा. आधारच उपलब्ध नाही, तर त्या काळाशी आणि त्या माणसाच्या ऐपतीशी सुसंगत आहे का एवढंच पाहा आणि गुण कापू नका.

या कलेचे मापदंड युरोपात घडले ते मुख्यतः नेपोलियनच्या काळातल्या सैन्यांभोवती. तिथे पलटणीगणिक कॉलरचा रंग, कफाचा रंग, बटणांच्या ओळी, सगळं लेखी. म्हणून तिथला परीक्षक बटणं मोजतो. आणि तरीही मुरलेला परीक्षक जाणतो, की 1812 साली रशियातून परतणाऱ्या शिपायाच्या अंगावर नियमातला कोट नव्हता, मिळेल ते गुंडाळलेलं होतं. आपल्याकडे तो नियमांचा कागदच नाही. अशा वेळी बटणांच्या जागी भगवा रंग मोजायला लागणं, ही सोय परीक्षकांची झाली, इतिहासाची नाही.

एक शंका मला आधीच ऐकू येते आहे. 'ताई, लोकांच्या भावना असतात. भगवा नसला तर लोक विचारतात.' विचारू देत ना. विचारलं तर सांगायला मिळेल. महाराजांच्या फौजेत साध्या, मळक्या, घरच्या कापडातली माणसं होती आणि त्यांनी ते सगळं करून दाखवलं, यात कोणाचा कमीपणा आहे? मला तर त्यात मोठेपणा दिसतो. ज्याला भगव्या मावळ्यांचं प्रतीकात्मक दृश्य करायचं आहे त्याने जरूर करावं, त्यासाठी कल्पनाचित्राचा वेगळा विभाग ठेवा. तिथे मीही टाळ्या वाजवीन. फक्त त्याला अचूकतेचं प्रमाणपत्र देऊ नका.

आता रंगकाम. इथे तर परीक्षण झालं असंच मी म्हणणार नाही. कामं काचेच्या कपाटात होती, वर पिवळे हॅलोजन दिवे. पिवळ्या उजेडात हळदी आणि पांढरा यांतला फरक जातो, निळीचा रंग काळपट दिसतो, आणि काचेवर दिव्याचा गोळा चमकत राहतो. परीक्षक कपाटासमोरून चालत गेले. कपाट उघडलं नाही, भिंग नव्हतं, टॉर्च नव्हता. मी समोरच्या खुर्चीत बसून पाहत होते. ज्या कामांपुढे ते थांबले ती सगळी चकचकीत वार्निशची आणि सोनेरी स्प्रेची होती. बाजारातल्या सोनेरी रंगातले धातूचे कण 1:32 च्या माणसासाठी फार जाड असतात. त्याच्या दागिन्यावर ते वाळूसारखे दिसतात. म्हणून कसलेले लोक सोनं साध्या पिवळ्या-तपकिरी छटांनीच रंगवतात, किंवा धातूरंग लावून त्यावर पातळ सावल्या चढवतात. हे कपाटाबाहेरून दिसत नाही. भिंगातून एका क्षणात दिसतं.

फिगर बघायची तर आधी हातभर अंतरावरून. माणूस उभा आहे, वजन कोणत्या पायावर आहे, चेहरा कुठे पाहतो आहे, हे त्या अंतरावरून कळलं पाहिजे. मग जवळून. साच्याची रेघ खांद्यावरून, दंडावरून घासून काढली आहे का? प्रायमरचा थर जाड होऊन बोटांच्या मधल्या खाचा बुजल्या का? उजेड एका दिशेने येतो आहे असं धरून सावल्या रंगवल्या आहेत, की प्रत्येक घडीत ठरावीक काळी रेघ ओढली आहे? बुबुळं दोन्ही एकाच दिशेला आहेत का? (हे जमत नाही म्हणून कित्येक जण मुंडासं पुढे ओढून डोळे सावलीत घालतात. चलाखी आहे, पण चांगली चलाखी आहे.) आणि सगळ्यांत शेवटी, वस्तू वेगळ्या वाटतात का? सूत, कातडं, लोखंड, लाकूड, घोड्याचं अंग, माणसाची कातडी, सगळ्यांवर एकच मॅट वार्निश मारलं की सगळंच प्लास्टिक दिसतं.

माझ्या पखालीचं उदाहरण देते, कारण तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. भरलेल्या पखालीचं कातडं खाली ओलं असतं, म्हणून तिथे रंग गडद आणि किंचित चमक. वरच्या बाजूला, दोर काचतो तिथे, घासून फिकट झालेलं. शिवणीतून पाणी झिरपून रेड्याच्या पोटावर एक काळसर ओघळ आणि त्या ओघळात धूळ चिकटून झालेली कड. हे करायला तेलरंगाचे पातळ थर लागतात, एक वाळल्याशिवाय दुसरा चढत नाही. परीक्षकांनी हे पाहावं आणि 'जमलं नाही' म्हणावं, मी ऐकून घेईन. ओघळ जास्त झाला, रेड्याचं अंग फार सपाट राहिलं, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्यामागे कागद-पेन घेऊन गेले असते. 'नोकरचाकर जास्त' यावर मी काय शिकू?

अचूकता आणि रंगकाम यांची सरमिसळ होऊ देऊ नका, हे मुद्दाम सांगते, कारण दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. उत्तम रंगवलेली पण चुकीच्या काळातली बंदूक रंगकामात पूर्ण गुण मिळवू शकते, मिळवू द्या. अभ्यासपूर्ण पण ओबडधोबड ब्रशच्या कामाला अचूकतेत पूर्ण गुण मिळावेत आणि रंगात कमी. 'एकूण प्रभाव' नावाचा तुमचा तिसरा रकाना आहे ना, सगळं पाणी तिथेच मुरतं. तो रकाना लहान करा.

आणि पहिला-दुसरा-तिसरा याचाच एवढा आग्रह का? शिकागोत मिलिटरी मिनिएचर सोसायटी ऑफ इलिनॉयच्या प्रदर्शनात कामांची एकमेकांशी झुंज लावत नाहीत. काम ठरलेल्या कसोटीला उतरलं की त्या दर्जाचं पदक. सुवर्णाच्या लायकीची दहा कामं आली तर दहा सुवर्ण. आपल्याकडे बक्षिसाची ढाल एकच असल्यामुळे परीक्षकांना घोडखिंड आणि पागा, पानिपत आणि रणगाडा एका तराजूत घालावे लागतात. मग जे मोठं आणि झगमगीत ते जड भरतं.

मुलांच्या विभागाबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. कुंभारवाड्यातून आणलेले तयार मावळे, घरी शाडूने केलेले, आणि थ्री-डी प्रिंटरवर काढलेले, हे तिन्ही एकत्र मोजू नका. प्रिंट केलेल्या फिगरमध्ये घडण दुसऱ्याची आणि रंग मुलाचा असतो, ते प्रवेशिकेवरच लिहून घ्या.

मुलांवर झालेला परिणाम मी डोळ्यांनी पाहते आहे. आठवीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी आपल्या पाच मावळ्यांना पाच वेगळ्या मुंडाशांचे रंग दिले होते, का दिले तेही तिला सांगता येत होतं. निकाल लागल्यावर पुढच्या शनिवारी ती आली आणि केशरी रंगाची नवी बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "ताई, यंदा सगळे भगवेच करू. गुण मिळतात." तुमचं परिपत्रक आता तिला लेखी सांगतं, की ती बरोबर आहे.

मागच्या वर्षी, 2025 च्या जुलैत, रायगड-राजगड-प्रतापगडापासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. तुमच्या जाहिरातीत त्याचा अभिमानाने उल्लेख आहे, योग्यच आहे. ते किल्ले तिथे गेले ते नकाशे, मोजमापं आणि कागदपत्रं यांच्या बळावर. त्यांच्या नावाने भरणाऱ्या स्पर्धेत 'सर्वमान्य रूप' एवढाच आधार चालत असेल तर तो उल्लेख काढून टाका.

आमच्या मागण्या अशा.

'सर्वमान्य पारंपरिक रूप' हे कलम परिपत्रकातून काढावं. प्रतीकात्मक कामांसाठी हवा तर वेगळा विभाग करावा.

ऐतिहासिक टिपण स्पर्धकाकडून जरूर घ्या, आम्हाला ते ओझं नाही. पण परीक्षकांनी ते वाचलं पाहिजे, आणि त्याच नियमाने परीक्षकांनीही कापलेल्या गुणामागचं कारण व आधार गुणपत्रिकेवर लिहिला पाहिजे. ही पत्रिका प्रत्येक स्पर्धकाला मिळावी.

परीक्षकांत किमान एक जण जुनी शस्त्रं किंवा जुनं वस्त्र जवळून अभ्यासलेला असावा आणि एक जण स्वतः लहान फिगर रंगवणारा. पुण्यात केळकर संग्रहालय आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून आहे. माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

परीक्षण काच उघडून, पांढऱ्या उजेडात, भिंग आणि फूटपट्टी हातात घेऊन व्हावं. प्रत्येक कामाला निदान काही मिनिटं मिळावीत. प्रवेशिका जास्त असतील तर परीक्षण आदल्या दिवशी ठेवा.

अचूकता आणि रंगकाम यांचे गुण स्वतंत्र द्यावेत, आणि जमेल तर वेगळ्या परीक्षकांनी. मोठ्यांच्या विभागात यंदापासून दर्जानुसार पदकं द्यावीत. ढालीचा खर्च वाचेल, तो मुलांच्या रंगांवर करा.

निकालानंतर आठ दिवसांत लेखी हरकत घेता यावी आणि तिला लेखी उत्तर मिळावं. निर्णय अंतिम असायला आमची ना नाही. त्याआधी एकदा ऐकून घ्या.

गेल्या वर्षीचा निकाल बदला असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना ढाल मिळाली त्यांनी ती ठेवावी.

संदर्भांची माझी फाईल, त्यात शस्त्रांचे फोटो, मोजमापं, कापडाचे रंगनमुने आहेत, ती मी परीक्षकांच्या टेबलावर ठेवायला द्यायला तयार आहे. भिंगाचा दिवाही देईन. परीक्षकांबरोबर एक संध्याकाळ बसायची वेळ तुम्ही ठरवा, आम्ही येतो. प्रवेशिका भरायच्या तारखेआधी सुधारित परिपत्रक निघालं तर आम्ही सगळे भाग घेऊ. नाही निघालं तर मोठ्यांच्या विभागात आमची नावं धरू नका. मुलं मात्र येतील, त्यांना आम्ही अडवणार नाही.

कळावे.

आपली,
लघुशिल्प विभागातली एक स्पर्धक